तिकीट ‘प्रोसेसमध्ये’ आहे म्हणे

पैसे कधीच कापले गेले. मॅचचा सीझन तोंडावर आला तरी सीझन तिकिटाचा पत्ता नाही. मेल केला की ठरलेलं उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." शेवटी आज तिकीट ऑफिस गाठलं. रांग बघूनच पाय दुखायला लागले. खिडक्या भरपूर, उघडी एकच, आणि आतल्या पोराची सिस्टीम हँग. त्याच्यावर तरी काय चिडणार? गोंधळ वरच्यांचा, शिव्या मात्र त्याला.

सीझन तिकीटवाला म्हणजे एकही मॅच व्हायच्या आधी अख्ख्या सीझनचे पैसे मोजणारा माणूस. टीम हरो, पाऊस पडो, हा येणारच. क्लबला ते पक्कं ठाऊक असतं, तिथेच तर घोडं पेंड खातं.

रांगेत लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा विषय निघाला. २०१६ मध्ये सगळ्यात महागडं तिकीट ७७ पौंडांवर न्यायचं ठरलं, तेव्हा हजारो प्रेक्षक संडरलँडविरुद्धच्या मॅचमध्ये ७७व्या मिनिटाला उठून निघून गेले. तेव्हा टीम २-० ने पुढे होती, मॅच सुटली २-२! काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

"आपणही असंच उठून जायचं," मागचे काका तावातावाने म्हणाले.

अहो काका, आधी आत तर जाऊ द्या!