माळ्यावरचे तोरण

आमच्या दिवेआगरच्या घराच्या माळ्यावर भर दुपारीही बॅटरी घेतल्यावाचून चढता येत नसे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकले आणि वारा पडल्यावर आम्ही वर पाहिले, तेव्हा माळ्यावर चांगला उजेड होता, कारण निम्म्या छपराची कौले वाडीत जाऊन पडली होती. आडव्या झालेल्या पोफळींविषयी मी येथे लिहीत नाही. नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, एवढे सांगितले की कोकणातल्या माणसाला पुढचे कळते.

ताडपत्री घालण्यासाठी माळा रिकामा करताना गणपतीच्या सजावटीचे सामान खाली आले. विकत आणलेले थर्माकोलचे मखर २०१८ च्या बंदीनंतर वर टाकून दिले होते, त्याचा आता पुरता चुरा झाला होता आणि त्याचे पांढरे दाणे पुढे कित्येक महिने वाडीत आळ्याआळ्यांतून सापडत राहिले. काकांनी केलेल्या आकाशकंदिलाचा कागद केव्हाच गेला होता. कामट्यांचा सांगाडा मात्र गाठी न सुटता तसाच होता. कंदिलाला दरवर्षी नवा कागद लागतोच, त्यामुळे वादळाने त्याचे काही विशेष बिघडवले असे म्हणता येणार नाही.

खरे नुकसान झाले ते आजीच्या तोरणाचे. काचेच्या नळ्या आणि मणी सुतात ओवून तिने ते केले होते : दोन बाजूंना दोन पोपट, मध्ये कमळ आणि त्याखाली ‘श्री गजानन प्रसन्न’ ही अक्षरे. पत्र्याच्या ट्रंकेचे झाकण उडाले होते आणि आत पाणी साचले होते. मी तोरण उचलले, तेव्हा कुजलेले सूत माझ्या हातातच तुटले आणि उजवीकडचा पोपट टपटप जमिनीवर सांडला. काही मणी तर वाऱ्याने आधीच नेले होते. लहानपणी हे तोरण मला फार जुनाट वाटे आणि ते काढून झगमगत्या माळा लावाव्यात म्हणून मी हट्ट केला होता, हे त्या क्षणी आठवले नसते तर बरे झाले असते.

वीज नव्हती, त्यामुळे संध्याकाळच्या आत काम आटोपावे लागे. आईने मणी रिठ्याच्या पाण्यात धुतले, सुपात वाळवले आणि रंगांप्रमाणे वाट्यांत वेगळे केले. सुताऐवजी तिने तंगूस घेतला. मासे धरायच्या दोऱ्यात गणपतीचे तोरण ओवायचे का, यावर घरात थोडी चर्चा झाली, पण समुद्राकाठी राहून खाऱ्या हवेला टिकणारा दोरा नाकारणे शहाणपणाचे नव्हते. पोपट अवघड गेला नाही. डावा शाबूत होता, त्याच्या ओळी मोजून उलट्या क्रमाने ओवल्या की उजवा तयार होत होता. मोजताना आईला कळले की आजीने डाव्या पोपटाच्या शेपटीत एक ओळ कमी घेतली होती. तीही तिने तशीच उतरवली.

अक्षरांना मात्र जोडीदार नसतो. ‘श्री गजानन’ धड होते आणि ‘प्रस’पर्यंतही निभावले होते, पुढचे नव्याने मांडायचे, तर आजीचे वळण आईला येईना आणि निळ्या नळ्याही पुरेनात. चौकटीच्या कागदावर तिने चार वेळा आखून पाहिले. अखेर २२ ऑगस्टला चतुर्थीच्या सकाळी, अजूनही ताडपत्री फडफडणाऱ्या माजघरात, ‘श्री गजानन प्रसन’ असे तोरण लागले. करोनामुळे त्या वर्षी मुंबईचे चाकरमानी फारसे आले नव्हते, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारेही कमीच होते.

पुढच्या उन्हाळ्यात कौले चाळताना काकांना पन्हळीच्या गाळात सात निळ्या नळ्या सापडल्या. अर्धा ‘न’ त्यात आरामात बसला असता. आईने त्या धुऊन जुन्या कुंकवाच्या करंड्यात ठेवल्या आहेत. दर श्रावणात ती करंडा उघडून नळ्या मोजते, तोरणाकडे पाहते आणि झाकण पुन्हा लावते.