नंदुरबारच्या पथाऱ्या आणि पुढे तोरणमाळ

सोनगीर मागे टाकून चिमठाण्याच्या रस्त्याला लागलो आणि दोन्ही बाजूंना नुसतं माळरान. बाभळी, काटेरी झुडपं, मध्येच शेळ्या. सह्याद्री पाऊस पलीकडेच अडवून धरतो, त्यामुळे शिंदखेडा तालुक्याचा हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या तहानलेला. फेब्रुवारी सरायचा होता, तरी अकरालाच हेल्मेटमध्ये घामाच्या धारा. वाळवंट बघायला लोक जैसलमेरला का जातात कोण जाणे. दोंडाईचा कधी आलं ते कंबरेला विचारा.

नंदुरबारजवळ आधी नाकात झणका शिरला, मग जमीन लाल दिसायला लागली. मिरचीच्या पथाऱ्या! बाजारात घेतलेली ओली लाल मिरची व्यापारी इथे मोकळ्या जागेवर पसरतात, खालीवर करत उन्हात वाळवतात. मध्येच अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो. फोटोत हे सगळं फार देखणं दिसतं आणि मीही फोटोसाठीच गाडी लावली. चार पावलं आत गेलो नाही तोच शिंकांची माळ लागली. डोळ्यांतून पाणी, मोबाइल कुठे धरलाय तेही दिसेना. देठ खुडत बसलेल्या बायका खो खो हसल्या.

"भाऊ, तोंडले रुमाल बांध," त्यांच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "नही ते रातभर खोकशी."

त्यांनी स्वतः तोंडाला पदर गुंडाळला होता, साडीवर बापई शर्ट चढवला होता. तुम्हाला त्रास होत नाही का, असं विचारल्यावर उत्तर आलं, "आम्हले आते सवय पडी गई." मग त्याच सांगू लागल्या, की रात्री हातांची इतकी आग होते की भाकरी थापवत नाही. मजुरी वजनावर, आणि देठाला वजन ते काय असणार? त्यांच्याच मडक्यातलं पाणी त्यांनी मला पाजलं. एकलाच काबर हिंडस, म्हणजे एकटाच का हिंडतोस, हेही विचारून झालं. त्यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. फोटो एकही काढला नाही. काढावासाच वाटला नाही.

प्रकाशाला तापी ओलांडली, शहाद्यात शेवभाजी खाल्ली, म्हसावदच्या पुढे सातपुडा सुरू झाला. सातपायरी घाटात वळणावळणावर पळस पेटलेला. गाडी चालवावी की बघत बसावं हेच कळेना. एकटं असण्याचा फायदा इथे. थांब म्हटलं की थांबायचं, कुणाची परवानगी नको.

तोरणमाळ हे थंड हवेचं ठिकाण मला आवडलं, तिथली शनिवारची गर्दी नाही आवडली. यशवंत तलावाच्या काठी एका गाडीची डिकी उघडून स्पीकर असा लावला होता की पलीकडच्या काठावरची म्हैससुद्धा वळून बघत होती. मी मुकाट्याने सीताखाईच्या दरीकडे निघालो. या दिवसांत धबधबा आटलेला असतो, त्यामुळे तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. माझ्या लेखी हा त्या दरीचा मोठाच गुण आहे, म्हणून तोरणमाळला पावसाळ्यात जा असं सगळे सांगतात ते मी ऐकणार नाही.