गावाचं उत्पन्न किती?

स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर बाकीचे गॅदरिंग आणि सहलीबद्दल लिहितीलच, मला मात्र नववीत अर्थशास्त्राच्या सरांनी दिलेला प्रोजेक्ट आठवतो. गावाचं वर्षाचं उत्पन्न काढा! डेअरी, गिरणी, वीटभट्टी, चहाची टपरी सगळीकडे वही घेऊन फिरलो. सरांनी बजावलं होतं की शेतकऱ्याचं दूध, डेअरीची विक्री आणि टपरीवरचा चहा सरसकट जोडायचं नाही, तेच दूध तीनदा मोजलं जातं, प्रत्येकाने किती भर घातली तेवढंच धरायचं.

20वं शतक संपताना अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने जीडीपीला, म्हणजे अख्ख्या देशात वर्षभरात सगळ्यांनी घातलेल्या अशाच भरीच्या बेरजेला, शतकातल्या मोठ्या शोधांत बसवलं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. 1929 ची मंदी आली तेव्हा तिथल्या सरकारकडे मालगाड्यांचे डबे किती भरले, पोलाद किती निघालं असले सुटे आकडे होते, देशाचं उत्पन्न तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलंय हे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांच्या 1934 च्या अहवालाने एका आकड्यात दाखवलं. आपल्याकडे तर दादाभाई नौरोजींनी त्याच्या कितीतरी आधी, 1867-68 साठी, माणशी वर्षाला 20 रुपये हा हिशोब मांडला होता आणि शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला, तो त्याहून जास्त भरला!! गरिबी आहे असं नुसतं ओरडणं वेगळं आणि सरकारच्याच आकड्यांतून ती सिद्ध करणं वेगळं. पुढे 1949 ला राष्ट्रीय उत्पन्न समिती झाली, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस अध्यक्ष, सोबत अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ. आकडेच अपुरे म्हणून 1950 ला नॅशनल सॅम्पल सर्व्हे, म्हणजे देशभरातली नमुन्याची घरं निवडून माहिती गोळा करणारी पाहणी, उभा राहिला.

प्रोजेक्टच्या वेळी वर्गातल्या एका मुलीने विचारलेलं, सर, आईचं काम कुठे लिहू? घरच्या म्हशीचं दूध घरीच प्यायलं तरी मोजतात, पण आई तेच दूध तापवते, दही लावते, स्वयंपाक करते ते मोजत नाहीत. सरांनी ते टाळलं नाही, अख्खा तास त्यावरच घालवला. कुझनेट्स यांनीही घरकाम बाहेर ठेवताना तसं स्पष्ट लिहिलंय, आणि या आकड्यावरून लोकांचं भलं किती झालं ते ठरवू नका असंही. 2019 ला देशभर टाइम यूज सर्व्हे झाला, घरकामात कोणाचा किती वेळ जातो ते आता मोजता येतं, मग जीडीपीच्या शेजारी त्याचा वेगळा तक्ता दरवर्षी छापायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.