सहाचा गजर

चवथीचा दुसरा दिवस. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात संध्याकाळी मी आणि एक डॉक्टर; बाकीचे आपापल्या गणपतीकडे. साडेसातच्या सुमारास स्कूटर थेट पायरीला येऊन टेकली. "सिस्टर, भुरग्याक कितें जालें पळयात!"

चौदा महिन्यांचा मुलगा. डोळे वर, ओठ निळसर, दोन्ही हातपाय झटकतायत. बापाच्या बोटातून रक्त. दातखीळ सोडवायला घातलेलं. पोराच्या तोंडाला कांद्याचा वास. पाहुण्यांनी भरलेल्या घरात कांदा हुंगवणारा कुणीतरी असतोच.

कुशीवर घेतला, फेस सक्शननं काढला, ऑक्सिजन लावला. असल्या गुबगुबीत हातावर नव्या मुली शीर शोधत चार-चार टोचे मारतात आणि झटके चालूच राहतात. मी आधी झटके थांबवणारं औषध, मिडाझोलाम, नाकात देते. दहा किलोचं पोर, म्हणजे 2 मिलिग्रॅम. निम्मं एका नाकपुडीत, निम्मं दुसरीत. बघता बघता हातपाय सैल पडले. साखर 104, ताप 103. आकडी एकूण सात-आठ मिनिटं चालली असावी. 'असावी' एवढंच, कारण आमच्या कॅज्युअल्टीतलं घड्याळ दोन महिने पाच वाजून दहावर अडकलंय. आणि इथे सगळा हिशेब मिनिटांचा! पंधराच्या पुढे गेली, अंगाच्या एकाच बाजूला आली किंवा 24 तासांत परत आली, तर तिला साधी तापातली आकडी म्हणता येत नाही. पोराला बांबोळीला, मोठ्या सरकारी इस्पितळात धाडावं लागतं.

मुलगा रडला तेव्हा कुठे आई खाली बसली. "गेला असंच वाटलं."

डॉक्टरांचा हात चांगला, तोंड नाही. "एवढा ताप चढेपर्यंत काय करत होता? वेळेवर औषध दिलं असतं तर हे झालं नसतं."

ती काही बोलली नाही. मोबाईल काढून मला दाखवला. दर सहा तासांचे गजर, प्रत्येकापुढे 'बाबूचे औषध अडीच एमएल'. शेवटचा डोस संध्याकाळी सहाचा.

पॅरासिटामॉलनं पोराला बरं वाटतं, आकडी टळत नाही. कधी कधी तर घरच्यांना ताप कळायच्या आधीच आकडी येते. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते, आईनं काहीही केलं तरी. हे मला माहीत होतं. तरी मी ट्रे आवरत राहिले. पेशंटसमोर डॉक्टरांना कसं खोडायचं?

रात्री दोनला तिच्या खाटेपाशी गेले. म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. पुढच्या तापात परत येऊ शकते, तिघांतल्या एकाला येते. आली तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "पण डॉक्टर तसं म्हणाले ना."

सकाळी सहाला तिचा गजर वाजला. पोर गाढ झोपलेलं, अंग गार. तिनं तरीही औषध मोजून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.