‘बंद करू नये’

चाकणच्या ज्या कारखान्यात मी आयटीचं काम बघते, तिथल्या सर्व्हर रूममध्ये दोन जुन्या मशीनवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. तिच्यावर मार्करने लिहिलेलं: ‘बंद करू नये’. का, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. लिहिणारा नोकरी सोडून गेला आणि त्याच्यामागून आलेल्या सगळ्यांनी ती सूचना पाळली.

यंदा निर्यातीच्या एका ग्राहकाने कार्बन उत्सर्जनाचा तपशील मागितला. प्लांट हेडनी प्रत्येक विभागाला विजेचा हिशेब मांडायला सांगितला, तेव्हा मी या दोघांपासूनच सुरुवात केली. जुना सर्व्हर काही काम न करता बसला तरी वीज खातोच. २०० वॅट धरले, तर वर्षाच्या ८,७६० तासांत १,७५२ युनिट होतात. आपल्या ग्रिडमध्ये अजून कोळशाचाच भार मोठा, त्यामुळे युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका मशीनमागे वर्षाला सव्वा टनाच्या आसपास. त्याने सोडलेली उष्णता बाहेर काढायला एसीला लागते ती वीज वेगळीच.

कुणाला विचारून उत्तर मिळेना, म्हणून स्क्रीम टेस्ट करायची ठरवली. मशीन चालू ठेवायचं, फक्त लॅनची केबल काढायची आणि ओरड कुठून येते ते बघायचं. पहिल्या मशीनची केबल काढून दहा मिनिटंही झाली नसतील, गेटवरच्या वजनकाट्यावरून फोन: “मॅडम, गाडी काट्यावर उभी आहे, पावती निघत नाही!” केबल लगेच परत लावली. मागच्या बाजूला धुळीने माखलेला एक यूएसबी डोंगल सापडला. काट्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच्यात होतं. ते सॉफ्टवेअर आम्ही व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे नव्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या वेगळ्या संगणकावर, नेलं आणि डोंगल त्या सर्व्हरला जोडला. जुन्याचं काम संपलं.

दुसऱ्या मशीनची केबल काढली आणि कुणाचाच फोन आला नाही. महिनाअखेर झाली, पगार झाले, २० तारखेचं जीएसटी रिटर्नही गेलं. लेखा विभागाच्या साहेबांना तरी धीर होईना. “ऑडिटला काही लागलं तर?” त्यांची शंका रास्त होती, कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात. मी त्यांना शेजारी बसवून लॉग, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी, उघडला. रोज रात्री साडेअकराला ते मशीन एका सर्व्हरचा बॅकअप घ्यायला उठत होतं, आणि तो सर्व्हर नवीन ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारी प्रणाली) आली तेव्हाच भंगारात गेला होता. ‘कनेक्शन फेल्ड’च्या ओळींवर ओळी, वर्षानुवर्षांच्या. साहेब म्हणाले, “डिस्कची कॉपी ठेवा आणि करा बंद.”

गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, दोन्ही मशीन रॅकमधून, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या कपाटातून, उतरवली. पण त्या दिवशी खरी गोष्ट कळली ती नंतर. खोलीतले दोन्ही एसी १६ वर, स्वेटरशिवाय उभं राहवत नव्हतं. तरी रॅकच्या वरच्या टोकाला, पुढच्या बाजूने, तापमान २९! मी टिश्यू पेपरची पट्टी मोकळ्या झालेल्या खाचेसमोर धरली. पट्टी आत ओढली जायला हवी होती, ती माझ्याकडे फडफडली. मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येत होती आणि सर्व्हर तीच पुन्हा आत घेत होते. वरच्या बाजूला आधीपासून मोकळ्या असलेल्या खाचांमध्येही तेच. एसी कमी पडतोय म्हणून इतकी वर्षं आम्ही तो खाली खाली नेत होतो.

मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियन काकांनी वर्कशॉपमधून उरलेला पत्रा आणला, मापाने कापला, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या आणि एकेक खाच बंद केली. तासाभरात वरचं तापमान २४ वर आलं. मग एसी दोन-दोन अंशांनी वर नेत २२ वर आणून ठेवला, प्रत्येक वेळी थांबून आकडे बघत. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश चालतात, असं ॲश्रे या वातानुकूलनाचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचीच शिफारस सांगते. दुपारनंतर दुसरा एसी बंद करता आला. काकांनी क्लॅम्प मीटर लावून आकडा दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा खुलला होता.

नव्या, कमी वीज खाणाऱ्या सर्व्हरसाठी कोटेशन मागवणं सोपं असतं, त्याला मंजुरीही पटकन मिळते. पण चालू असलेलं प्रत्येक मशीन कुणाचं आणि कशासाठी, याची यादी आधी हवी, हा माझा आग्रह आहे. आता प्रत्येक सर्व्हरवर काम, जबाबदार माणूस आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली आहे.

उतरवलेल्या मशीनसाठी भंगारवाला रोख पैसे द्यायला तयार होता. डिस्क काढून नष्ट केल्या आणि बाकीचं ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवलं. खरेदी विभागाने तक्रार केली. मी प्लांट हेडना नियम दाखवले आणि त्यांनी सही केली. आता भार उतरल्यामुळे यूपीएस फारच कमी लोडवर चालतोय, तिथेही वीज वाया जाते. पुढच्या सुट्टीच्या गुरुवारी काका आणि मी तिकडे वळणार आहोत.