पेटीत ब्लँकेट नव्हतं

शनिवारी आमच्याजवळच्या शाळेत भूकंपाच्या सरावाला गेले होते. तेव्हापासून ती पेटी डोक्यातून जात नाहीये.

मी राहते त्या न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन परिसरात शंभराहून जास्त 'कम्युनिटी इमर्जन्सी हब' आहेत. बहुतेक शाळा नाहीतर सभागृहं. मोठा भूकंप झाला की आसपासच्या लोकांनी तिथे जमायचं. मी धरून चालले होते की ब्लँकेटं, बिस्किटं भरून ठेवली असतील. केंद्रातली पेटी उघडली तर आत पुस्तिका, कागद, पेनं आणि आपत्कालीन कार्यालयाशी बोलायला रेडिओ. खायला काही नाही, पांघरायला काही नाही. सरकारी माणूसही येणार नाही. जे आधी पोहोचतील त्यांनीच केंद्र सुरू करायचं. पाणी तर माणशी रोज २० लीटर धरून ७ दिवसांचं आपापल्या घरी साठवायचं.

मला रागच आला. आणीबाणीत लोकांच्या हातात कागद देणार?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आई-बाबा सहा दिवस मंगल कार्यालयात होते. पूर न आलेल्या गावांतून भाकऱ्यांची गाठोडी येत होती, सोबत ठेचा, चटणी. कुणी पुस्तिका वाचली नव्हती. हे मी सराव घेणाऱ्या बाईंना अभिमानाने सांगितलं.

मग त्यांनी भिंतीवर दोन मोठे कागद लावले. एकावर 'गरज', दुसऱ्यावर 'देऊ शकतो'. कुणी लिहिलं, इन्सुलिन थंड ठेवायचंय. दुसऱ्या कागदावर कुणाचा तरी जनरेटर होता. दोन चिठ्ठ्या शेजारी आल्या आणि मला एकदम बाबा आठवले. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन दिवस मिळाल्या नव्हत्या. बाहेर जुन्या कपड्यांचा ढीग पावसात भिजत होता. त्याच हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक औषध दुकानदार बसले होते, हे आईला चौथ्या दिवशी कळलं.

तरी एक सांगते. १४ नोव्हेंबर २०१६ ला इथे ७.८ चा भूकंप होऊन कायकोरा गावाचे रस्ते तुटले, तेव्हा तिथल्या ताकाहांगा मराएने, म्हणजे माओरींच्या सभास्थानाने, अडकलेल्या प्रवाशांसकट सगळ्यांना जेवू घातलं. तिथेही आधी चूलच पेटली. आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही.

२०१९ ला मी इथेच होते. निघाले असते तरी पुणे-बंगळूर महामार्ग बंद होता, बाबांनीच 'येऊ नकोस' म्हटलं होतं. हे मी अजून स्वतःला सांगत असते.

दुसऱ्या कागदावर मी लिहिलं: मराठी, हिंदी येतं. दोन मोठी पातेली, गॅसची शेगडी. पन्नास माणसांचा आमटी-भात होईल.

घरी येऊन आईला फोन केला. म्हटलं, गल्लीत नर्स कोण, गाडी कुणाकडे, कुणाला कुठलं औषध लागतं, लिहून ठेव.

'मला तोंडपाठ आहे की सगळं.'

'आई, तूच कुठे अडकलीस तर कुणाला विचारायचं?'

ती गप्प बसली. आज सकाळी वहीच्या पानाचा फोटो आलाय. सतरा घरं झालीत.