नागपूर–मुंबई '५० मिनिटं': या हिशेबावर मुहूर्त गाठू नका

अंतर दाखवणाऱ्या एका साइटवर नागपूर ते मुंबई ६८० किलोमीटर आणि उड्डाण ५० मिनिटं असं वाचलं आणि मामाला फोनवर सांगून टाकलं, "सव्वासातला निघतो, आठ-सव्वाआठला मुंबईत." दादरला मामेभावाचा साखरपुडा साडेनऊचा. तिकिटावर पोचायची वेळ ८:५० होती. म्हटलं, कंपन्या लिहितात वाढवून!

अंतर खोटं नाही, हिशेब खोटा आहे. ते ६८० म्हणजे नकाशावरची सरळ रेघ, तिला ताशी ८०० ने भागलं की झाली ५० मिनिटं. पण दहा हजार फुटांखाली विमानाला २५० नॉटची, म्हणजे साधारण ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा असते. चढताना-उतरताना ८०० चा वेग नसतोच. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते. तीच खरी धरा.

सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, चाक उचललं ७:३८ ला. ८:२५ ला खाली खाडी दिसली, मी पट्टा चाचपला. दहा मिनिटांनी तीच खाडी. मग तिसऱ्यांदा! विमान घिरट्या घालत होतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि सकाळी तिथे रांग असतेच. टेकलो ८:५७ ला, दार उघडलं ९:१२ ला, बॅग मिळाली ९:३५ ला. घरून सव्वापाचला निघालो होतो. हॉलवर पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. मामी म्हणाली, "अरे, दुरांतोनं रात्रीच निघायचं ना!" बरोबरच आहे. मुंबईत सकाळचं काम असेल तर रात्रीची गाडी, नाहीतर आदल्या दिवशीचं विमान. सकाळचं पहिलं विमान अजिबात नको.

पुढचे दोन दिवस मजेत गेले.

येताना विमान नागपूरला लवकर टेकलं. हिवाळ्यात वर पश्चिमेचे वारे जोरात असतात, ते पाठीशी लागतात. वाचलेली सगळी मिनिटं बाहेर ऑटोवाल्याशी घासाघीस करण्यात गेली. छत्रपती चौक, जेमतेम चार-पाच किलोमीटर, आणि भाऊ म्हणतो ४००. मीटरचं विचारलं तर, "मीटर-बिटर नाही चालत इथं." बॅगेचं एक चाक तुटलेलं, पाय भरलेले, बसलो ३५० ला. अजून चरफडतोय.

तुम्ही असं करू नका. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, वर्धा रोडवर आहे. सामान हलकं असेल तर सरळ चालत जा. सीताबर्डीकडच्या गाडीत बसलात की उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगर आणि तिसरं छत्रपती चौक. सामान जड असेल तर विमानातून उतरल्या उतरल्या ॲपवर गाडी बघा, ऑटोवाल्यांच्या घोळक्यात उभं राहून नाही. तिथे मोबाईल काढलात की भाव आणखी चढतो.